जूनमधला सत्कार, नोव्हेंबरमधली भूक

दरवर्षी निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये गुणवंतांचे सत्कार होतात. ट्रॉफी, पुष्पगुच्छ, पुढाऱ्याचं भाषण, ग्रुपवर फोटो. त्या फोटोतली किती पोरं दिवाळीनंतरही कॉलेजात आहेत, हे आपण कधी विचारतो का?

मी काम करतो त्या वस्तीतली एक मुलगी पुण्याहून पहिल्याच वर्षी परत आली. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून स्वाधारचा अर्ज भरला. पण खोलीचं डिपॉझिट आणि मेसचे पैसे आधी द्यावे लागतात, आणि स्वाधारचा हप्ता काही आला नाही. आईनं बचत गटातून कर्ज काढलं, ते नोव्हेंबरपर्यंत पुरलं. आता लोक म्हणतात, "पोरीला झेपलं नाही."

झेपलं नाही ते कुणाला? पोरीला की व्यवस्थेला?

मेरिटच्या गप्पा मारणाऱ्यांनी बाबासाहेबांचं चरित्र नीट वाचावं. १९१३ साली ते कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. 'दरमहा' हा शब्द लक्षात ठेवा. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून कर्ज घेतलं, तेव्हा कुठे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. त्यांच्या बुद्धीत काही कमी होतं का? कमी होता तो पैसा.

स्वाधार योजना वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. जेवण, निवास आणि निर्वाहाचा खर्च त्यातून भागायला हवा. पण ज्याच्या घरात पैसा नाही त्यानं आधी खर्च करायचा आणि सरकारनं सवडीनं परत द्यायचं, ही मदत कसली? ही तर सरकारला दिलेली बिनव्याजी उधारी झाली! म्हणून आपली मागणी सरळ आहे: पहिला हप्ता प्रवेशाच्या महिन्यात, पुढचे दरमहा. कागदांची पडताळणी चालू राहू द्या, पण पोराचं ताट थांबवू नका.

आणि आता थोडं आपल्याबद्दल. जयंतीच्या डीजेची सुपारी द्यायला वर्गणी जमते. तेवढ्याच वर्गणीतून प्रत्येक विहारात एक फिरता निधी उभा राहू शकतो. मेसचे पैसे त्यातून द्या, स्वाधार जमा झाला की परत घ्या. पहिल्या वर्षाच्या मुलामुलींची यादी विहारात लावा. शिकून पुढे गेलेल्या प्रत्येकानं त्यातलं एक नाव घ्यावं: महिन्याला एक फोन, महाडीबीटीचा अर्ज भरताना सोबत, इंग्रजीत अडलं तर रविवारी दोन तास.

यामुळे सरकारची जबाबदारी संपत नाही. पण मोर्चा निघेपर्यंत पोरगी उपाशी राहू नये, ही जबाबदारी आपलीच आहे.

"शिका" म्हणणं सोपं आहे. शिकणाऱ्याला टिकवणं, ही चळवळ आहे.

यंदा सत्कार जरूर करा. पण नोव्हेंबरमध्ये त्याच पोरांना फोन करा.

जय भीम!