अण्णांचं मशीन, धाकट्याची डायल

आज जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात पुण्याला पुतण्याच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. आहेर काय करायचा यावर आमच्या घरी आठ दिवस खल चालला होता. सौ.चं म्हणणं चांदीचं निरांजन. मी म्हटलं, घड्याळ देतो. कुठलं घड्याळ, ते सांगितल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "वास्तुशांतीला जुनंपानं द्यायचं? लोक काय म्हणतील?"

जुनं तर होतंच, शिवाय एकाचं नव्हतं. मशीन आमच्या अण्णांच्या एचएमटी जनताचं. केस, डायल आणि काटे माझ्या धाकट्या भावाच्या एचएमटी पायलटचे. हुबळीत दुर्गदबैलाच्या मागच्या बोळात एक कारागीर अजून डोळ्याला भिंग लावून बसतो, त्यानं ते जुळवून दिलं. पट्टा, काच आणि मजुरी धरून साडेबाराशे रुपये झाले.

उणकल तलावावर आमचं सकाळचं टोळकं फिरतं, त्यात एक गृहस्थ जुन्या घड्याळांचे शौकीन आहेत. त्यांना मोठ्या हौसेनं दाखवलं. त्यांनी उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, हे फ्रँकन झालं. याला किंमत शून्य." फ्रँकन म्हणजे फ्रँकेनस्टाइनवरून. मेरी शेली नावाच्या बाईंनी लिहिलेली ती कादंबरी १८१८ साली निघाली, प्रेतांचे तुकडे जोडून केलेल्या राक्षसाची. दोन-चार घड्याळांचे भाग जोडून केलेल्या घड्याळाला शौकीन मंडळी तेच नाव देतात. मी तिथं काही बोललो नाही. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी एक कबूल करतो. त्यांचा राग बिनबुडाचा नाही, मी स्वतः पोळलोय. चार वर्षांमागं मोबाइलवर बघून एक "अस्सल जुनं पायलट" मागवलं होतं. आलं ते चकचकीत. कारागिरानं मागचं झाकण उघडलं आणि हसायलाच लागला. डायल नव्यानं रंगवलेली, काटे कुठल्या तिसऱ्याच घड्याळाचे, मशीनवर गंज. आज बाजारात लाल, जांभळ्या, हिरव्यागार डायलची जुनी एचएमटी ढिगानं मिळतात. त्यातले कितीतरी रंग कंपनीनं कधी काढलेच नव्हते. ही शुद्ध फसवणूक आहे, आणि तिला मी फसवणूकच म्हणणार. पण मंडळी, पापाचं मूळ जोडण्यात आहे का? मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. दोन खात्यांतले पैसे एका खात्यात आणले तर तो गुन्हा नसतो. नोंद खोटी केली तर गुन्हा. पायलट विकणाऱ्यानं "डायल रंगवलेली, काटे बदललेले" एवढं लिहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती. कदाचित घेतलंही असतं, निम्म्या किमतीत.

आणि अस्सल अस्सल म्हणतो ते तरी काय? अमेरिकेत खिशातल्या घड्याळांचा जमाना होता तेव्हा वॉल्थम, एल्जिन या बड्या कंपन्या नुसतं मशीन विकायच्या. गिऱ्हाईक सराफाकडं जाऊन आपल्या ऐपतीप्रमाणं चांदीची, सोन्याची, नाहीतर साधी केस निवडायचा आणि सराफ ते मशीन तिच्यात बसवून द्यायचा. स्वित्झर्लंडातही एकाचं मशीन आणि डायलवर नाव दुसऱ्याचं, हा राजरोस धंदा आहे, आजही. आपली एचएमटी घ्या. कंपनी १९५३ ची, यंत्रं बनवणारी. बंगळुरात घड्याळाचा कारखाना १९६१ मध्ये काढला तो जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं. नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळं बाहेर पडली म्हणून आपण छाती फुगवतो, आणि फुगवावीच, पण आतल्या मशीनची आखणी जपानी. जनता काय, पायलट काय, आत सतरा ज्वेलचं एकाच घराण्याचं मशीन. सेकंदाला पाच ठोके. म्हणून तर एकाची डायल दुसऱ्याला बसते. डायलच्या पाठीला दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत नेमके उतरावे लागतात. पाय जुळले नाहीत तर चिकटवाचिकटवी, आणि चिकटवलेली डायल आज ना उद्या फिरते. आमच्या घड्याळाचे पाय पहिल्याच खेपेला टक्कन बसले.

तरुण वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्या वेळी हुबळी-धारवाडात जावयाला एचएमटी दिलं म्हणजे लग्न थाटात झालं म्हणायचे. आधीच्या पिढीत वेस्ट एंड, फाव्र-ल्युबा, ती साहेबलोकांची नाहीतर वकिलांची. एचएमटीनं घड्याळ कारकुनाच्या मनगटावर आणलं. अण्णा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. भोंग्यावर आयुष्य गेलं तरी मनगटावर जनता हवीच. पुढं १९८४ मध्ये टायटन स्थापन झाली, क्वार्ट्झ आलं, चावी द्यायचं कामच संपलं. एचएमटीला ते झेपलं नाही. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. आता नवे भाग कारखान्यातून येणार कुठून? जुनी एचएमटी चालू ठेवायची तर एका मेलेल्या घड्याळातून काढून दुसऱ्यात घालायचं, याशिवाय दुसरा मार्ग तो काय. त्याला शून्य किंमत म्हणणाऱ्यांनी ती कपाटात बंद ठेवावीत आणि बघत बसावं.

आता मूळ गोष्ट. ही लिहावी की नको, दोन दिवस विचार केला.

अण्णा १९९१ साली गेले. तेराव्याला पंगत उठल्यावर धाकटा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "दादा, अण्णांचं घड्याळ मला देतोस का?" मी म्हटलं, "असू दे माझ्याकडं. मोठ्याकडंच असावं." खरं तर मला ते वापरायचंही नव्हतं. माझ्या मनगटावर तेव्हा टायटन होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं. तो "बरं" म्हणाला. परत बत्तीस वर्षांत त्यानं एकदाही विचारलं नाही. दिवाळीला यायचा, फोन करायचा, मुलांच्या लग्नात पाट मांडण्यापासून राबायचा. पण घड्याळाचं नाव नाही. आणि माझ्या कपाटात ते घड्याळ तसंच. पट्टा अडकवायचा एक कान तुटलेला, डायलवर काळे डाग पडलेले.

दोन वर्षांमागं धाकटा गेला. पुतण्यानं कपाट आवरताना सापडलेली पत्र्याची एक डबी मला आणून दिली. "काका, बाबांच्या वस्तू आहेत, तुम्हाला कळेल काय आहे." आत त्याच्या पायलटची केस, डायल, काटे. मशीन नव्हतंच. कुणी काढलं, कधी काढलं, आता कळायला मार्ग नाही. आणि घडी घातलेली एक पिवळी चिठ्ठी, हुबळीतल्या एका दुकानाची, जे आता राहिलं नाही. मी ती तेव्हा नीट वाचलीही नाही.

यंदा आहेराचं निघालं तेव्हा दोन्ही घड्याळं घेऊन दुर्गदबैलाला गेलो. कारागिरानं अण्णांचं मशीन उघडलं, बराच वेळ भिंगातून बघितलं आणि म्हणाला, "इदु पूर्ती निम्म अप्पारदु अल्लरी." म्हणजे हे सगळंच्या सगळं तुमच्या वडिलांचं नाही. बॅलन्स दुसऱ्या घड्याळाचा घातलाय, जुनं काम आहे, पण हात चांगला होता. मला पटेना. अण्णांचं घड्याळ कुणी कधी उघडल्याचं मला ठाऊकच नव्हतं. मग त्यानं झाकणाची आतली बाजू उजेडाला धरली. घड्याळ दुरुस्तीला आलं की कारागीर झाकणाच्या आत सुईनं नंबर आणि तारीख खरवडून ठेवतात. जनताच्या झाकणात चार खुणा होत्या. त्यातली एक, ४१२, ८६.

मी डबीतली चिठ्ठी काढली. नंबर ४१२. सन १९८६. "जनता, बॅलन्स पूर्ण, रु. ४५." खाली धाकट्याची सही.

मंडळी, व्हाउचर आणि खातं जुळवण्यात माझा जन्म गेला. पण असं जुळलेलं कधी बघितलं नव्हतं. त्या वर्षी मी बदलीवर रायचूरला होतो. आई-अण्णांजवळ तोच होता, नुकताच नोकरीला लागलेला. अण्णांच्या हातून घड्याळ पडलं असणार, त्यानं गुपचूप नीट करून आणलं असणार, आणि अण्णांनीही कधी बोलून दाखवलं नाही. घड्याळाचं काळीज म्हणतात तो बॅलन्स. तो त्याच्या पैशाचा होता. आणि तेच घड्याळ मी त्याला "मोठ्याकडं असावं" म्हणून नाकारलं होतं. तेव्हा त्यानं एका शब्दानं सांगितलं असतं तरी दिलं असतं मी. दिलं असतं ना? मला वाटतं, दिलं असतं.

बाकावर बसून राहिलो. कारागिरानं चहा मागवला, काही विचारलं नाही.

तलावावरच्या शौकीन मित्राला ही हकीकत सांगितली तर ते म्हणाले, "भावना ठीक आहे, पण बाजारभाव वाढत नाही." बरोबर आहे त्यांचं. मला विकायचं नाही एवढंच. पण तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटात अशी अर्धीमुर्धी घड्याळं पडली असतील, कुणाची काच फुटलेली, कुणाचं मशीन अडलेलं. ती भंगारात जाण्यापेक्षा, किंवा रंगवून विकणाऱ्याच्या हातात जाण्यापेक्षा, जुळवून घ्या. अट एकच. कुठला भाग कुणाचा, ते कागदावर लिहून सोबत द्या. मी बँकेच्या जुन्या सवयीनं अर्धं पान लिहिलं: मशीन आजोबांचं, बॅलन्स बाबांनी घातलेला, डायल-काटे-केस बाबांची, काच आणि पट्टा नवीन, मजुरी काकाची. धाकट्याची मूळ चिठ्ठीही त्यालाच जोडली. १९९१ चंही लिहिलं. ते वाक्य तीनदा खोडलं.

अण्णांचं झाकण पायलटच्या केसला बसेना, म्हणून ते वेगळं पुडीत बांधून दिलं. नव्या झाकणाच्या आत कारागिरानं आपला नंबर आणि तारीख घातली. मी म्हटलं, खाली ४१२/८६ पण घाला. तो म्हणाला, "दुसऱ्याचा नंबर आम्ही घालत नाही री." थोडा वेळ गेला. मग त्यानंच सुई उचलली आणि घातला.

पुतण्या रोज आंघोळ झाली की चावी देतो. परवा फोनवर म्हणाला, "काका, दिवसाला दोन मिनिटं पुढं जातंय, परत दाखवू का?" म्हटलं, असू दे. अण्णा मुद्दाम दोन मिनिटं पुढंच लावायचे, भोंगा चुकू नये म्हणून.