मीटरजवळची शाळा

मे उजाडला की चौकाचौकांत शिबिरांचे फलक लागतात: पोहणे, तबला, रोबोटिक्स, सुंदर हस्ताक्षर. या अंकात आम्ही आणखी एका शिबिराची बाजू घेतो आहोत. नववी-दहावीच्या मुलांसाठी हवामान आणि ऊर्जेचं शिबिर.

घोषवाक्यांचे तक्ते मात्र नकोत. ते रंगवून झाले. (आम्हीही रंगवले होते, बक्षीस शेजारच्या तुकडीला गेलं.) सुरुवात घरच्या मीटरपासून व्हावी. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रात्रीचे १० तास धरले तर फरक जवळजवळ अर्ध्या युनिटचा. आपल्याकडे एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. घरात पंखे किती आणि उन्हाळ्याच्या रात्री किती, एवढंच मुलांनी भरायचं.

मग एसटीने बाहेर पडावं. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट, कोयनेची १,९६०. कोयनेत धूर नाही. पण वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत उतरलेलं पाणी कृष्णाकाठच्या शेताला परत मिळत नाही. स्वच्छ विजेलाही देणेकरी असतात, हे पंधराव्या वर्षी कळलेलं बरं.

आराखडा आतल्या पानांत आहे. शुल्क ठेवाल तर आश्रमशाळेतली मुलं बाहेर राहतील. आणि वर्ग अकराच्या आत संपवा. त्यानंतर पत्र्याखाली बसवून मुलांना उष्णतेवर व्याख्यान देऊ नका.