दाढी आणि जयणा

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या पेटीतून आमच्या वडिलांचा सेफ्टी रेझर निघाला. पितळेचा, वरचा मुलामा अजून शाबूत असलेला. पुतण्या म्हणाला, "काका, आजोबांचं हे यंत्र मोडीत घालू का?" त्याचा स्वतःचा गळा मात्र लाल पुरळाने भरला होता. दाढी केली की आग, न करता पेढीवर बसला तर आजीची बोलणी. आणि मुलगी पाहायला जाण्याचा दिवस तीन आठवड्यांवर आलेला. मी म्हटले, "मोडीत घालण्यापूर्वी एकदा वापरून तर पाहा."

या यंत्राची कल्पना अमेरिकेतील किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याची. पातळ पोलादाला धार लावण्याचे अवघड काम विल्यम निकरसन या अभियंत्याने साधले. १९०३ साली विक्री सुरू झाली, तेव्हा वर्षभरात अवघी ५१ यंत्रे खपली. पुढच्या वर्षी हा आकडा ९० हजारांवर गेला. वरचेवर बदलाव्या लागणाऱ्या पात्यासाठी ग्राहक पुन्हा पुन्हा येतो, हे त्या विक्रेत्याने ओळखले होते. आपण व्यापारी माणसे. हे गणित आपल्याला वेगळे सांगायला नको. ग्राहक म्हणून मात्र उलट बाजू पाहावी: धातूचा दांडा तीन पिढ्या टिकतो आणि दोन धारांचे साधे पाते आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. परिग्रह वाढत नाही, प्लॅस्टिकचा कचराही होत नाही.

नाजूक त्वचेचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. अनेक पात्यांचे रेझर एकाच फटक्यात त्याच जागेवरून तीन-चार धारा फिरवतात. केस किंचित ओढला जाऊन त्वचेच्या पातळीखाली कापला जातो, आणि कुरळा असेल तर वाढताना आतच वळतो. पुरळाचे ते एक मोठे कारण आहे. एकच पाते केस त्वचेलगत कापते. मात्र हात चुकला तर तेही क्षमा करीत नाही.

म्हणून पहिला नियम असा, की दाब देऊ नये. रेझरचे वजन पुरेसे असते. स्नानानंतर किंवा कोमट पाण्याचा ओला कपडा ठेवून केस मऊ करावेत. फेस भरपूर असावा. पात्याचा त्वचेशी कल सुमारे ३० अंश ठेवावा आणि फटके इंचभराचेच घ्यावेत. गळ्यावर केसांची दिशा बदलते; ती बोटांनी चाचपून त्याच दिशेने एकदाच फिरवावे. फेस नसलेल्या जागी पुन्हा पाते लावू नये. पाते बोथट वाटताच बदलावे. शेवटी थंड पाणी. तुरटी सोसत असेल तर हलकेच फिरवून धुऊन टाकावी. पाणी तांब्याभर पुरते, नळ सोडून ठेवण्याचे कारण नाही.

जुना रेझर आधी साबणाच्या कोमट पाण्याने, मऊ ब्रशने स्वच्छ करून स्पिरिटने पुसावा. अनेक जुन्या रेझरवर निकेलचा मुलामा असतो. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांनी तो टाळावा. पुरळात पू असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. दाढीचे पारंपरिक ब्रश डुकराच्या किंवा बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचे असतात, आणि काही साबणांत प्राण्यांची चरबी असते. वेष्टनावर 'टॅलो' किंवा 'टॅलोएट' हा शब्द दिसला तर तो साबण ठेवून द्यावा. कृत्रिम तंतूंचे ब्रश आणि वनस्पती तेलांचे साबण सहज मिळतात. आहारात कंदमुळांपर्यंत विवेक पाळणाऱ्यांनी चेहऱ्याला काय लावतो हेही विचारावे.

आपले मुनिमहाराज केशलोच करतात; त्यांना वस्तरा लागत नाही. आपण गृहस्थ. आपल्या वाट्याला जयणा येते, म्हणजे प्रत्येक क्रिया जपून, भान ठेवून करणे. पुतण्याने पहिल्या दिवशी सवयीने दाब दिला आणि दोन ठिकाणी कापून घेतले. तिसऱ्या आठवड्यापर्यंत हात हलका झाला आणि गळ्याची लाली बरीच ओसरली. एक-दोन डाग राहिले, ते घेऊनच तो मुलगी पाहायला गेला.

त्याला एकच शेवटची गोष्ट सांगितली, ती वाचकांनाही सांगतो. वापरलेले पाते उघडे केरात टाकू नये. पत्र्याच्या डब्याला चीर पाडून त्यात साठवावे आणि डबा भरला की बंद करून, वर चिठ्ठी लावून द्यावा. आपला गाल जपताना केर उचलणाऱ्याचा हात कापला, तर ती जयणा कसली?