आधी काय घडलं, नंतर काय?

इंग्रजी निबंध शिकवताना क्लासमध्ये जोडशब्दांची यादी पाठ करून घेतात : फर्स्टली, सेकंडली, मोरओव्हर, फायनली. मुलं ते शब्द प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला लावतात आणि इंग्रजी भारदस्त झालं असं समजतात. माझ्या मते ही सवय मोडायला हवी. क्रम दाखवणारे शब्द शोभेसाठी नसतात. कोणती गोष्ट आधी घडली आणि कोणती नंतर, हे त्यांतून कळतं. आणि दोष कुणाचा, हक्क कुणाचा, हे पुष्कळदा त्यावरच ठरतं.

शहाबानो खटला घ्या. नवऱ्याने तलाक दिला आणि मग ती कोर्टात गेली, अशी ही हकिकत अनेकदा सांगितली जाते. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. १९७५ मध्ये तिला घराबाहेर काढण्यात आलं. एप्रिल १९७८ मध्ये तिने इंदूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १२५ खाली पोटगीचा अर्ज केला. तो प्रलंबित असतानाच, ६ नोव्हेंबर १९७८ रोजी, नवऱ्याने तलाक दिला आणि ही आता माझी पत्नी राहिली नाही, असा बचाव घेतला.

आता हे इंग्रजीत लिहा. ‘ही डिव्होर्स्ड हर अँड शी वेंट टू कोर्ट’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला तलाक आधीचा वाटतो. ‘व्हाइल हर पिटिशन वॉज पेंडिंग, ही डिव्होर्स्ड हर’ असं लिहिलं तर एका ‘व्हाइल’मुळे सगळं प्रकरण सरळ दिसतं. तलाक कोणत्या वेळी दिला गेला, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आपली गल्लत होते त्यालाही कारण आहे. मराठीत क्रम क्रियापदातच असतो : अर्ज भरून, पावती घेऊन, साहेबांना भेटून आलो. घरी दखनी बोलत असाल तर ‘जाके’, ‘करके’ हेच काम करतात. इंग्रजीत लिहिताना आपण त्या प्रत्येक जागी ‘अँड’ किंवा ‘देन’ घालत जातो. तिथे शब्द निवडावा लागतो. आधीसाठी ‘बिफोर’, नंतरसाठी ‘आफ्टर’, चालू असतानासाठी ‘व्हाइल’, तोपर्यंतसाठी ‘अंटिल’.

आणखी एक सावधगिरी. ‘आफ्टर’ फक्त वेळ सांगतो, ‘देअरफोर’ कारण सांगतो. ‘सिन्स’ दोन्ही सांगू शकतो, म्हणून तो जपून वापरावा. मोहल्ल्यावरून मिरवणूक गेली आणि नंतर दगड पडले, ही माहिती झाली. मिरवणूक गेली म्हणून दगड पडले, हा आरोप झाला, आणि त्याला पुरावा लागतो. बातम्या वाचताना हा फरक आपल्याला लगेच टोचतो. मग स्वतः लिहितानाही तो पाळायला हवा.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही. संविधानाच्या कलम ३४८ नुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचं कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालतं. सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकेत सुरुवातीलाच तारखा आणि घटनांची यादी असते. शिष्यवृत्ती अडली म्हणून विद्यापीठाला साधा ई-मेल लिहिताना आपणही तेच करावं. आधी कागदावर मराठीत तारखा क्रमाने मांडा. मग इंग्रजीत लिहा. शेवटी एकेक जोडशब्द झाकून वाक्य वाचा. अर्थ बदलला नाही तर तो शब्द काढून टाका. बदलला, तर तो योग्य शब्द आहे ना, हे पुन्हा तपासा.

आपली बाजू खरी असूनही क्रम चुकला की समोरचा अधिकारी ती खोटी समजू शकतो. तेवढी संधी त्याला का द्यायची?