सरळ हँडलचा कैवार

पूर्वपक्ष असा: ज्या सायकलीला मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल नाही, ती ग्रॅव्हल सायकल नव्हे; आणि इकडूनतिकडून स्वस्त भाग गोळा करून जोडलेली तर धड सायकलच नव्हे, तो भंगाराचा हट्ट. हे मला नागपूरच्या एका सायकलमित्राने सकाळी सकाळी गोंदिया स्टेशनाबाहेर ऐकवलं, माझ्या सायकलीला नमस्कार-चमत्कार न करता. आम्ही आमगाव, सालेकसा, दरेकसा करत कचारगडला निघालो होतो. माणूस अभ्यासू आहे, त्याची सायकल कार्बनची आहे आणि तिची किंमत मोटरसायकलीच्या किमतीशी बरोबरीने बोलते. सालेकसा येईपर्यंत मी त्याचं ऐकून घेतलं. आता माझं.

आधी शब्दाचा निकाल लावू. ग्रॅव्हल म्हणजे खडी. आपल्या बांधकाम खात्याच्या भाषेत खडीकरण: दगड पसरायचे, वर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि डांबराची वाट बघायची. ती वाट कधी वर्षभर बघायची, कधी पुढच्या निवडणुकीपर्यंत. १९७२ च्या दुष्काळात या महाराष्ट्राने हातांनी खडी फोडली आणि त्यातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. खडीची ओळख आम्हाला परदेशातून करून घ्यायची गरज नाही. कोकणापासून झाडीपट्टीपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या लोक या रस्त्यांवरून सायकलीच चालवत आले.

आणि कोणत्या सायकली? काळ्या, दांड्याच्या ब्रेकच्या, मागे दुधाचे कॅन लटकवलेल्या. त्या सायकलीचा टायर एकदा वाकून वाचा. त्यावर २८ × १½ असं लिहिलेलं असतं. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. त्याच मापाची आंतरराष्ट्रीय खूण ४०-६३५ अशी छापतात, म्हणजे रुंदी ४० आणि रिमचा व्यास ६३५. माझ्या मित्राने मागवलेल्या परदेशी ग्रॅव्हल टायरची रुंदीही ४० मिलिमीटरच आहे. दूधवाल्याला ते माप लुधियान्याच्या कारखान्यांनी कधीचं देऊन ठेवलं होतं, कसलंही नाव न देता.

ज्या शर्यतीने हे नाव जगभर नेलं, ती अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावात २००६ मध्ये सुरू झाली, दोनशे मैलांची. तेव्हा दुकानात ‘ग्रॅव्हल’ नावाचा खणच नव्हता. जो तो घरात जे होतं ते घेऊन आला: कुणाची माउंटन, कुणाची चिखलशर्यतीची. त्याच्याही आधी, १९५५ मध्ये, इंग्लंडात कच्च्या वाटांनी हिंडणाऱ्यांनी ‘रफ-स्टफ फेलोशिप’ नावाची मंडळी जमवली होती. आणि ज्या माउंटन बाइकला आज आपण यंत्रशास्त्राचं लेणं समजतो, ती कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात सत्तरच्या दशकात टवाळ पोरांनी जुन्या, जाड टायरच्या भंगार सायकली डोंगरावरून पिटाळता पिटाळता घडवली. हा सगळा वंशच जुगाडाचा. त्यात सोवळं कुठून शिरलं?

आता हँडल. खाली वळलेल्या हँडलच्या बाजूने दोन मुद्दे खरे आहेत, ते मी आधीच मान्य करतो. एक, वाकून बसता येतं, वारा कमी लागतो. दोन, हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात, त्यामुळे तळव्यांना मुंग्या येत नाहीत. पहिल्याचा हिशेब करू. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३० च्या वेगाला जो विरोध होतो, तो ताशी १८ च्या पावणेतीन पटीहून थोडा जास्तच. धुळीचा, खड्ड्यांचा, मधेच बैलगाडी आडवी येणारा रस्ता असेल तर माझ्यासारख्या पन्नाशीतल्या माणसाचा वेग १५-१८ च्या वर जात नाही. म्हणजे जो वारा मला लागतच नाही, तो चुकवण्यासाठी मी पैसे मोजायचे.

दुसरा मुद्दा अस्सल आहे. सरळ हँडलवर चार तास एकाच पकडीत हात ठेवला की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. तिथून जाणारी नस दबते. यावर उपाय दोन. हँडलची टोकं किंचित मागे वळलेली घ्यायची, म्हणजे मनगट नैसर्गिक राहतं. आणि टोकांना छोटी शिंगं बसवायची. हो, शिंगंच. मेंढ्याची नव्हे, खोंडाची. चढावर ती धरून उभं राहता येतं. माझी अडीचशे रुपयांत आली.

मित्राचा खरा घोटाळा पुढे आहे आणि तो बहुतेक हौशी लोकांचा होतो. जुन्या माउंटन सायकलीच्या फ्रेमवर खाली वळलेलं हँडल चढवलं की झाली ग्रॅव्हल, असं त्यांना वाटतं. होत नाही. माउंटन सायकलीची फ्रेम वरच्या नळीत लांब असते, कारण तिच्यावर सरळ हँडल बसणार हे कारखान्याने गृहीत धरलेलं असतं. वळलेलं हँडल स्वतःच हात आणखी पुढे नेतं. दोन्ही एकत्र केलं की स्वार सायकलीवर बसत नाही, लोंबकळतो. त्यात तारांचा प्रश्न. वळलेल्या हँडलचे ब्रेक-गिअरचे एकत्र खटके तार जितकी ओढतात, तितकी ओढ माउंटनच्या मागच्या गिअरला अनेकदा चालत नाही. व्ही-ब्रेकला तर मुळीच नाही. मग खटके बदला, गिअर बदला, ब्रेक बदला. आणि हे खटके म्हणजे सायकलीतल्या महागड्या सुट्या भागांपैकी एक. सरळ हँडलला अंगठ्याचा साधा खटका लागतो, तोही पडला-झडला तर तालुक्याच्या गावात दुसरा मिळतो.

स्वस्त भागांवरचा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण त्यात माझी माणसं अर्धी चूक आहेत. ‘सगळं स्वस्तात बसवतो’ म्हणणारा जुगाडवीर आणि ‘स्वस्त म्हणजे धोका’ म्हणणारा माझा मित्र, दोघेही सायकल एकसंध वस्तू समजतात. ती तशी नाही. काही भाग बिघडले तर गाडी थांबते, काही बिघडले तर माणूस पडतो. पैसा या दोहोंतल्या फरकाने वाटायचा.

माझी फ्रेम जुनी, स्टीलची, २९ इंची चाकांची, पुढचा चिमटा साधा, सस्पेन्शन नाही. साडेतीन हजारांत मिळाली, रंग उडालेला. २९ इंच म्हणजे ६२२ मिलिमीटरची रिम, म्हणजे ज्याला रोडवाले ७०० म्हणतात तेच माप. त्यामुळे टायर निवडायला मोकळीक. (स्वस्त सायकलींच्या पुढच्या स्प्रिंगच्या चिमट्याविषयी एवढंच: तो वजन वाढवतो, पुढे बसून वाकतो आणि धक्का तसाच हातात पोचवतो. काढून टाकला तर कुणी रडत नाही.) पुढे एकच चेनव्हील, ३२ दात्यांचं, मागे ११ ते ३४, आठ चक्रं. हँडल ७२० मिलिमीटरचं होतं, आरीपात्याने दोन्ही बाजूंनी कापून ६६० केलं. आरीपातं घरचं.

जिथे कंजुषी केली नाही ते भाग तीन. मागचं हब. आपल्याकडे स्वस्त गिअरच्या सायकलीत आट्यांवर फिरवून बसवायची ‘फ्री’ असते. तिच्यात चक्रं वाढली की छर्ऱ्याचा आधार एक्सलच्या टोकापासून फार आत जातो आणि मागे पोतं बांधून खड्ड्यात गेलं की एक्सल वाकतो किंवा तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये आधार बाहेरच्या बाजूला असतो. हजार-बाराशे जास्त गेले, जाऊ देत. दुसरे ब्रेक: तारेचेच, पण नावाजलेले, डिस्कचे. तेलाचे नकोत, नळीत हवा शिरली तर दरेकशाच्या जंगलात कोण काढणार? तिसरे टायर. ४० मिलिमीटरचे, मध्ये गुळगुळीत आणि कडेला दाणे असलेले. माझं वजन ७० च्या आसपास, हवा ४० पौंडांच्या आत ठेवतो. बाभळीच्या काट्यांसाठी जुनी ट्यूब उभी चिरून तिची पट्टी टायरच्या आत घातली आहे. थोडी जड जाते, पण पंक्चरवाल्याकडे चहा कमी होतो.

बाकी सगळीकडे हात आखडता. चेन साधी आठ गिअरची, पण तिच्यावर लक्ष. चेन नवी असताना कड्यांच्या बारा जोड्या बरोबर बारा इंच भरतात. स्टीलची पट्टी लावून बघायचं. बारा इंचांवर इंचाचा सोळावा भाग वाढली की चेन बदलायची, नाहीतर ती मागची चक्रं खाते. पाचशेची चेन वेळेवर टाकली तर दीड हजाराची कॅसेट टिकते.

आता उलट बाजूचा पूर्वपक्ष. आमच्या मेकॅनिकने विचारलं, “भाऊ, एवढी खटपट कशाला? माझ्याकडची काळी सायकल घ्या ना, अख्खा जन्म जाते.” त्याचा मुद्दा मी वर स्वतःच मांडलाय, तरी इथे त्यालाही अडवतो. काळ्या सायकलीला साधारण ४४ दात्यांचं चेनव्हील आणि १८ ची फ्री असते. पायडलच्या एका फेरीत ती जवळपास साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर छान, दरेकशाकडे डोंगर सुरू झाला की उतरून ढकला. माझी सगळ्यात हलक्या गिअरला एका फेरीत दोन मीटरच जाते आणि सगळ्यात जड गिअरला सव्वासहा-साडेसहा. म्हणजे चढही जमतो आणि परतताना ताशी तीसचा वेगही. शिवाय दांड्याचे ब्रेक स्टीलच्या ओल्या रिमवर केवळ घासल्याचा आवाज करतात, थांबवत नाहीत. श्रावणात हे ज्याने एकदा अनुभवलंय, तो काळ्या सायकलीचे पोवाडे गात नाही.

“मग बाइकच घ्या,” हा तिसरा. घ्या की. ती जिथे लागते तिथे मीही वापरतो. पण कचारगडच्या वाटेला मोटरसायकलीने जाणं मला कधी पटलं नाही आणि त्याचं कारण पर्यावरण वगैरे मोठं नाही. माघ पौर्णिमेला इथे गोंडी कोयापुनेम मानणारे लोक महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून येतात. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी गुहेत कोंडलेल्या काली कंकालीच्या मुलांची सुटका केली, अशी त्यांची परंपरा. त्यात हिरासुका पाटालीर या वादकाने मोठी शिळा ढकलताना जीव गमावला, असंही सांगतात. धनेगावच्या पायथ्यापासून गुहेपर्यंत मात्र कसलंही वाहन जात नाही, चढ पायांनीच. चालणाऱ्यांच्या रांगेशेजारून हॉर्न वाजवत जाण्यापेक्षा त्यांच्या वेगाने जाणारं काहीतरी बरं. सायकल त्या वेगाला येते. एखादी बाई डोक्यावरच्या गाठोड्यासह बोलायला थांबली तर पाय टेकून थांबता येतं.

त्या दिवशी दरेकशानंतर डांबर उखडलेलं होतं, पुढे धानाच्या बांध्यांमधून जाणारी मुरुमाची वाट. मित्राच्या सायकलीने ती वाट सुरेख कापली, हे प्रामाणिकपणे लिहितो. उतारावर तो माझ्या पुढे गेला. चढावर आम्ही बरोबर होतो. पायथ्याला दोन्ही सायकली एकाच मोहाच्या झाडाला साखळीने बांधल्या आणि साखळी मात्र माझी होती, कारण त्याच्या सायकलीला साखळी लावायची जागाच ठेवलेली नाही, वजन वाढतं म्हणे.

परतताना त्याने अखेरचा बाण सोडला: तुझी सायकल चौदा किलोची, माझी नऊची. मी म्हटलं, माझ्या मागे कॅरिअर आहे, कॅरिअरवर दोघांचं पाणी, पंप, पाने आणि तुझा पावसाळी कोट आहे. ते उतरवून तोलू. तो हसला, कोट मात्र मागितला नाही.

येत्या माघात पुन्हा जायचं ठरलंय. त्याआधी पुढच्या ब्रेकचे पॅड बदलायचे आहेत. मागच्या उतारावर ते कागदाएवढे झाले.