पटोळ्याची परतफेरी

पौषात खारघरला सकाळी डोंगराकडून गार वारा येतो आणि दहा वाजेपर्यंत ऊन जाणवू लागते. अशा हवेत लोकरी शाल ओझे होते. किमोनोच्या घाटाचे, पुढून उघडे, सुती इकतचे जॅकेट मात्र दिवसभर अंगावर राहू शकते. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे मुंबई केंद्र ज्या गावात आहे, तेथे या पेहरावाचे नवल नाही.

'आशियाई' म्हणून विकल्या जाणाऱ्या या कापडाची कुळकथा मात्र व्यापारी जैन घरांच्या जवळची आहे. इकत हा शब्द 'बांधणे' या अर्थाच्या मलय क्रियापदावरून आला. विणण्याआधीच सूत जागोजागी बांधून रंगवायचे, ही त्याची रीत. पाटणच्या पटोळ्यात उभे आणि आडवे दोन्ही धागे असे रंगवितात. बाराव्या शतकात जैन राजा कुमारपालाने साळव्यांची सातशे कुटुंबे जालन्याहून पाटणला नेली, असे परंपरा सांगते. त्याला पूजेसाठी रोज नवे पटोळे लागे म्हणे. पुढे गुजराती व्यापाऱ्यांनी मसाल्यांच्या मोबदल्यात ते पूर्वेच्या बेटांवर पोहोचविले. जाव्याच्या दरबारात त्याला 'चिंदे' या नावाने मान मिळाला. बालीतील तेंगानान गावात आजही दुहेरी इकत विणतात, आणि तेही सुताचे.

पटोळे रेशमाचे असते, आणि अनेक घरांत वाद येथेच उभा राहतो. अखंड तंतू मिळावा म्हणून कोष आतल्या जिवासह उकळला जातो. पतंग बाहेर पडल्यावर कातलेले 'अहिंसा रेशीम' मिळते खरे, पण विणलेल्या वस्त्रावरून त्याची खात्री करणे सामान्य ग्राहकाला कठीण. आजीचे पटोळे जपून वापरावे. ते टाकल्याने कोणताही जीव वाचत नाही. नवी खरेदी मात्र सुती असावी. पोचमपल्ली आणि संबलपूरचे सुती इकत त्यासाठी उत्तम.

घेताना कापड उलटून पाहावे. खऱ्या इकतची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते आणि तिच्या कडा किंचित विरघळल्यासारख्या असतात. छापील कापड बहुधा मागून फिके असते. आतला कुर्ता एकरंगी ठेवावा. पहिली धुलाई वेगळी, थंड पाण्यात करावी. बाही कोपरापर्यंतच शिवून घ्यावी, कारण किमोनोची लांब, रुंद बाही आरतीच्या दिव्यापाशी धोक्याची ठरते.