आधी खोका तर उघडा!

गनप्ला जोडायला सुरुवात कशी करावी, असं कुठल्याही जाणकाराला विचारून बघा. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गंडाम या जपानी कार्टून मालिकेतल्या रोबोंची प्लॅस्टिकची मॉडेलं. १९८० पासून बांदाई कंपनी काढते.) जाणकार मॉडेलबद्दल बोलतच नाही! एअरब्रश घे, कॉम्प्रेसर घे, सहा नंबरांचे सँडपेपर घे, महागातला जपानी निपर घे. आणि हो, थेट मास्टर ग्रेडच घे, त्याशिवाय 'खरी' मजा नाही. आमच्या ऑफिसातल्या एका फ्रेशरने ही यादी ऐकली, मनातल्या मनात पगाराचा हिशेब केला आणि "बघतो नंतर" म्हणून जागेवर जाऊन बसला. झालं, एक माणूस कमी.

अहो, पण कशासाठी? १९८० चं ते ३०० येनचं पहिलं मॉडेल गोंदाने चिकटवावं लागायचं, रंगवावंही लागायचं, मान्य. आता प्लॅस्टिकच रंगीत येतं आणि भाग एकमेकांत टचकन बसतात. २०२० मध्ये आलेलं एंट्री ग्रेडचं आरएक्स-७८-२ तर नुसत्या हाताने सुटं करून जोडता येतं. पुस्तिका जपानीत असली तरी सगळा कारभार चित्रांचा, कुठे अडत नाही.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे १/१४४ चं हाय ग्रेड. इथे एक साधा निपर लागतो. पथ्य एकच: भाग चौकटीपासून तोडताना अगदी चिकटून कापायचं नाही. आधी जरा लांबून कापा, मग उरलेला ठोंब हळूच छाटा. एका झटक्यात तोडलंत की प्लॅस्टिकवर पांढरा डाग पडतो, आणि गडद रंगावर तो डोळ्यांत खुपतो. राहिलेला खरखरीतपणा बायकोच्या नेलफाइलने घासा (विचारून!). संपली तयारी.

एअरब्रशवाल्यांची कला मी नाकारत नाही, काहींचं काम बघून तोंडात बोट जातं. पण ते दहाव्या मॉडेलचं झालं. आम्हा आयटीवाल्यांना खोडच आहे, फोटो काढायच्या आधी तीन लेन्स आणि सिंहगड चढायच्या आधी दहा हजारांचे बूट. यादी देणाऱ्या त्या साहेबांच्या कपाटावर चार खोके आहेत, चारही सीलबंद.

एंट्री ग्रेड घेऊन रविवारी जेवण झाल्यावर बसा. चहाच्या वेळेला तो टेबलावर उभा असेल. रंगाचं मग बघू.